कदाचित डॉक्टर

हॉस्पिटलात त्यांना सगळे ‘कदाचित डॉक्टर’ म्हणत, अर्थात पाठीमागे. काम एक्स-रे वाचण्याचं. तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत बसून हाडं बघायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असा रिपोर्ट द्यायचा. हाडाचे सरळसरळ दोन तुकडे दिसले तरी ते सांगत, ‘कदाचित हाड मोडले असावे, इतर तपासण्यांशी ताडून पाहावे.’ या बेतानं वागण्यामुळे अख्ख्या नोकरीत कोर्टाची पायरी चढावी लागली नव्हती, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! बायकोनं ‘जेवण कसं झालंय?’ विचारलं तरी धड उत्तर मिळत नसे.

त्या सकाळी दोन महिन्यांच्या एका बाळाचे एक्स-रे आले. म्हणे पलंगावरून पडलं, मांडी सुजली. वॉर्डातल्या डॉक्टरांनी आईबापांची तपासणी नजरेनंच उरकली होती. वडिलांचा शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं मऊ, शिपायालासुद्धा ‘आभारी आहे’ म्हणणारे. असल्या घरात कोण हात उगारतंय? तरी तान्ह्या बाळाचं हाड मोडलं की सगळ्या अंगाचे फोटो काढायचे हा नियम, म्हणून काढले. ‘उरकून टाका, दुपारी घरी सोडायचंय,’ असा वरून फोनही आला.

डॉक्टरांनी पाहिलं. मांडीचं हाड ताजं मोडलेलं. पण पाठीकडच्या बरगड्या मोडून जुळत आलेल्या, म्हणजे त्याआधीच्या. दोन्ही हातांनी छाती करकचून आवळल्याशिवाय तान्ह्या बाळाच्या बरगड्या तिथं सहसा मोडत नाहीत. आणि जे अजून कुशीवरही वळत नाही ते पलंगावरून पडलं कसं, हे विचारावंसं एकाही पदवीधराला वाटलं नव्हतं!

डॉक्टरांना संताप आला. रिपोर्ट बोलून ठेवायच्या रेकॉर्डरमध्ये ते जवळजवळ ओरडलेच, ‘हाडं वेगवेगळ्या वेळी मोडलीत. मारहाणीचा दाट संशय. बाळाला घरी सोडू नये.’

टायपिस्ट बाई वर्षानुवर्षं त्यांचे रिपोर्ट टाइप करत होत्या. साहेब आज विसरले, असं समजून बाईंनी आपणहून ‘कदाचित’ घातलं, ताडून पाहण्याचं वाक्य जोडलं. ‘मारहाण’ साहेबांना शोभत नाही, म्हणून ‘इजा’ केलं. ‘सोडू नये’चं ‘सोडण्याबाबत विचार व्हावा’ झालं. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे न वाचताच सही ठोकली. वॉर्डानं विचार केला आणि सोडलं.

दुपारी डॉक्टरांनी चौकशीला फोन लावला. “आत्ताच खाली गेले की,” नर्स म्हणाली. “तुमच्या रिपोर्टात नक्की असं काही नव्हतं ना!”

डॉक्टर धावत सुटले. फाटकाशी वडील गाडीचं दार उघडून उभे होते. आईच्या खांद्यावर बाळ, पायाला प्लास्टर.

“बाळ जाणार नाही,” डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

वडील मऊसं हसले. “साहेब, नक्की काहीच नाही असं वॉर्डात म्हणाले.”

“कदाचित म्हणायची मला खोड आहे. हाडं नक्की कुणीतरी मोडलीत.”

“चल गं, बस गाडीत,” वडील आईला म्हणाले. आवाज आता मऊ नव्हता.

ती बसली नाही. तिनं बाळ सरळ डॉक्टरांच्या हातात दिलं. इतकी वर्षं पोरं फक्त फोटोत पाहिलेला माणूस. त्यांनी गडबडून दोन्ही पंज्यांनी त्याला छातीशी धरलं.

“अहो, तिथं नका धरू,” ती पहिल्यांदाच बोलली. “तिथं दुखतं त्याला.”

बरगड्यांबद्दल तिच्यापाशी अजून कुणी चकार शब्द काढला नव्हता.