टीव्ही काढला तो उन्हाळा

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारची वेळ होती आणि माझी मोठी बहीण देवळीहून आली. फोन केल्याशिवाय ती कधी येत नाही. त्या दिवशी ती तशीच आली, यावरूनच मला काहीतरी कळायला हवं होतं.

हिंगणघाटला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन आणि तिच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही. मी ब्लाउज शिवते. सकाळी मशीनवर बसले की टीव्ही लावायचा आणि झोपताना बंद करायचा, असं वर्षानुवर्षं चाललेलं. मालिका, बातम्या, गाणी, कोणाच्या तरी घरातली भांडणं, काहीही चालायचं. हातांना शिवण पाठ झालेली असते, त्यामुळे डोळे रिकामेच असतात.

लग्नसराईच्या ब्लाउजांचा ढीग पडला होता. बहीण पाणी प्यायली, पलंगाच्या काठावर बसली. थोडा वेळ भाऊजींच्या किराणा दुकानाचं काही बोलली. मग आणखी काहीतरी बोलली. पडद्यावर एका सुनेचं खोटं उघडं पडायची वेळ आली होती. मी म्हटलं, "हो का? बरं झालं."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग पिशवी उचलून म्हणाली, "जातो मी. साडेतीनची गाडी भेटते."

"येवढ्यात?" मी विचारलं. तेही पडद्याकडे बघतच.

संध्याकाळी वीज गेली. टीव्ही बंद, मशीनची मोटर बंद. उजेड होता तोवर मी दारात बसून हुक लावत होते. घर एकदम शांत झालं होतं आणि त्या शांततेत माझ्या बहिणीचं दुपारचं बोलणं मला पहिल्यांदा ऐकू आलं. शब्द न् शब्द. "डॉक्टर म्हन्ते, छातीत गाठ हाये. कापून काढा लागते. साधी नसन म्हन्ते."

आणि त्यावर माझं उत्तर: हो का? बरं झालं.

सुई बोटांत तशीच राहिली. मी मनात दहा वेळा ते पुन्हा ऐकलं, कुठेतरी चूक निघेल म्हणून. चूक नव्हती. मी तिला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

माझे मालक जिनिंग फॅक्टरीत फिटर आहेत. ते आले तेव्हा भुवयांवर रुई तशीच होती. "अंधारात काऊन बसली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "अन् तू काय म्हटलं?"

"बरं झालं म्हटलं."

ते चप्पल न काढताच खाली बसले. तेवढ्यात वीज आली आणि टीव्ही आपोआप सुरू झाला, मोठ्या आवाजात. आणि सांगायला लाज वाटते, पण आम्ही दोघंही मान वर करून त्याच्याकडे बघायला लागलो. चांगली पाच मिनिटं. माझ्या बहिणीला गाठ होती आणि मी साबणाची जाहिरात बघत होते. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले आणि वर्ध्याला गाडी बदलून देवळी गाठली. बहीण मागच्या अंगणात कुरड्यांसाठी भिजवलेले गहू धुवत होती. मला वाटलं होतं, ती तोंड फिरवेल. ती म्हणाली, "आली का? चहा ठेवतो."

"बाई, काल मी..."

"ऐकलंच नाई तू. मले समजलं थे."

"मंग पुन्हा एकडाव काऊन नाई सांगतलं?"

तिने हातातले गहू घमेल्यात टाकले. "अशी गोष्ट दोनदा नाई सांगता येत वं. एकडाव सांगालेच दोन एसट्या बदलून आलती मी."

मी तिथेच ओट्यावर बसून रडायला लागले. तिने मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. ती उलट माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे. तू काही आजची नाई अशी. पोरगं गेलं तवापासून अशीच हायेस."

चोवीस वर्षांत हा विषय कोणी माझ्यासमोर काढला नव्हता. मला एक मुलगी आहे, पुण्याला नोकरी करते. तिच्या आधी एक मुलगा झाला होता. नऊ महिने भरले होते, पण तो रडलाच नाही. मी त्याचं तोंड पाहिलं नाही. पाहू नको, माया लागते, असं म्हणून बायांनी त्याला माझ्यासमोरून नेलं, असं मी आजवर धरून चालले होते. त्याचा राग मी माझ्या सासूवर काढला. ती जिवंत असेपर्यंत तिच्याशी कधी धड बोलले नाही.

मी बहिणीला म्हटलं, "मले पाहू तरी कुठं दिलं तुमी त्याले?"

तिने विचारलं, "कोनी सांगतलं तुले असं?"

"कोनी कायले सांगन? मी होती नं तिथं."

"मीबी होती," ती हळू आवाजात म्हणाली. "तुह्या सासूनंच म्हटलं, मायले दाखव एकडाव, नाई तं जलमभर मनात राहीन. मी फडक्यात गुंडाळून आनला त्याले तुह्यापाशी. पाह्यतं का, म्हटलं. दोनदा इचारलं. तू भितीकडं तोंड केलं."

मला आधी ती खोटं बोलते असं वाटलं. मग मला ती भिंत आठवली. खाली हिरवट रंग, वर चुना, रंगाचा एक पोपडा निघालेला. तो पोपडा मला इतका स्पष्ट आठवत होता की त्याच्याकडे मी खूप वेळ बघितलं असणार. खाटेवर उताणी असलेल्या बाईला तो दिसला नसता. म्हणजे बहीण खरं बोलत होती. चोवीस वर्षं मी एका निरपराध म्हातारीवर दात धरला होता, आणि ती मरून गेली होती.

परत येताना गाडीत कोण बाजूला बसलं होतं, मला आठवत नाही. घरी आले आणि टीव्हीची वायर ओढून काढली.

आमच्या घरात पहिला टीव्ही आला तो मी दवाखान्यातून आल्यावर पंधरा दिवसांनी. मालकांनी आणला होता. "तुहं मन रमन," एवढंच म्हणाले होते. त्यांना त्याहून दुसरं काही सुचलं नसेल. मन रमलं, इतकं रमलं की पुढे मुलगी झाली, तिला दूध पाजलं, तिचे पाढे घेतले, ते सगळं त्याच्यासमोर.

त्या संध्याकाळी मालकांनी विचारलं, "बिघडला का?"

"नाई. मले नोको आता."

"किती दिवस?"

"माहीत नाई."

ते जेवले आणि पानठेल्यावर गेले. तिथे एक लहानसा टीव्ही आहे.

शांत राहिलं की बरं वाटतं, असं लोक म्हणतात. मला पहिले चार दिवस नुसती भीती वाटली. मशीनचा आवाज एवढा मोठा असतो, हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात येऊन उभी राहिली. "सगळे बरे हायेत नं? आवाज नाई आला म्हनून आली." मालक पहाटे खोकतात हे मला कळलं. कधीपासून, विचारलं, तर म्हणाले, "दोन वर्षं तं झाले असतीन." दोन वर्षं माझ्या बाजूला माणूस खोकत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका बाहीला कैची लावली आणि मला रडू आलं. काही कारण नाही. थांबेचना. गिऱ्हाईक बाई आली, तिला डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून सांगितलं. ती गेल्यावर मी ती वायर हातात घेतली होती. पुन्हा ठेवली. पुन्हा घेतली. मग बाहेर जाऊन हौदावर तोंड धुतलं आणि कापलेली बाही पाहिली, तर ती उलट कापली गेली होती.

शनिवारी मालक पानठेल्यावर गेले नाहीत. जेवण झाल्यावर खाली बघत बसून राहिले. मी भांडी आवरत होते. ते म्हणाले, "वेना नदीच्या काठाले हाये तो."

"कोन?" मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

"पोरगा. जुन्या पुलापासून वरच्या अंगाले. तिथं एक बाभूय होती. तिच्या खाली ठेवला मी त्याले." मग म्हणाले, "मी जातो नं तिथं. दरसाली."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. "कवा जाता?"

"तान्ह्या पोळ्याले."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडाचे, मातीचे नंदी सजवून दारोदार नेतात. त्याच दिवशी तो जन्मला होता. तेव्हा जिनिंग बंद असतं. दर वर्षी त्या दिवशी मालक सायकल काढून, आता मोटरसायकल काढून, कुठेतरी जायचे. मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी टीव्हीवर खास कार्यक्रम असायचे.

"एक मातीचा नंदी नेतो," ते म्हणाले. "ठेवतो तिथं. दुसरं काई नाई."

मला राग आला. इतका, की माझाच आवाज मला ओळखू येईना. "चोवीस वर्षं? अन् मले एका शब्दानं नाई सांगतलं?"

"तू टीव्ही पाहत राह्यची. मले वाटे, तुले आठवन नोको असन."

"अन् मले वाटे, तुमी इसरले."

त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला काय म्हणावं मला अजून कळलेलं नाही. मला एवढंच कळलं, की लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि हा माणूस मी पहिल्यांदा बघते आहे.

रविवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. वेनेत पाणी पार आटलं होतं, मधे दगड उघडे पडले होते. काठावर नुसती झुडपं. मालक पुढे चालत होते. एका जागी थांबले, मग म्हणाले, "नाई, तिकडं." तिकडे गेलो. तिथेही थांबून मागे पुलाकडे बघू लागले. बाभूळ कोणीतरी केव्हाच तोडून नेली होती. पुराने काठ खचला होता. पोळ्याला सगळीकडे हिरवं असतं, उन्हाळ्यात ते इथे कधी आलेच नव्हते. ते झुडपांतून इकडेतिकडे फिरायला लागले. "इथंच होती वं. इथंच होती." एवढा मोठा माणूस असा धावताना बघून मी घाबरले. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "असू द्या. इथंच बसू."

आम्ही मातीतच बसलो. मी विचारलं, "कसा होता दिसाले?"

ते म्हणाले, "मी फडकं उघडलंच नाई. हिम्मतच नाई झाली."

म्हणजे आम्हा दोघांपैकी कोणीच त्याला पाहिलं नव्हतं. आणि दोघंही समजत होतो की दुसऱ्याने पाहिलं.

एप्रिलमध्ये वर्ध्याला बहिणीचं ऑपरेशन झालं. गाठ वाईटच निघाली, पण लवकर सापडली, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवस मी तिच्यापाशी राहिले. तिला बसता यायला लागलं त्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते. माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून मी मागे बसून विचारलं, "बाई, कसा होता तो?"

ती म्हणाली, "केस लय होते. कपायापर्यंत आल्ते. अन् कान तुह्यासारखे, बाहेर आल्यासारखे. हाताची मूठ होती, मी उघडून पाह्यली, तं नखं वाढले होते." मग म्हणाली, "मी रोज वाट पाह्यली, तू कवा इचारशीन म्हनून. मंग सोडून देल्ली."

मी तिची वेणी घातली. दोनदा सोडून पुन्हा घातली. पुढे औषधांनी ते केसही गेले. तिचे उपचार अजून चालू आहेत. दर फेरीला मी सोबत जाते.

मे महिन्यात मुलगी पुण्याहून आली. तोवर टीव्ही आम्ही भिंतीवरून उतरवून ठेवला होता. पिशवी ठेवताच म्हणाली, "आई, टीव्ही कुठंय?" मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. दवाखाना, भिंत, नदी, नंदी. मला वाटलं होतं, ती माझ्या गळ्यात पडेल. ती म्हणाली, "म्हणजे मी पहिली नाही?"

"नाई."

"आणि हे मला आत्ता सांगतेयस? एकवीस वर्षं मला वाटायचं, तू माझ्याशी बोलत नाहीस कारण मी तुला आवडत नाही."

असं तिला वाटत असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बापासोबत मोटरसायकलवर बसून नदीवर जाऊन आली. काय बोलली, काय पाहिलं, मला सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

पुण्याला परत गेल्यापासून ती दर बुधवारी फोन करते. कधी कधी भांडते. जुन्या गोष्टी काढते. अमक्या वर्षी मला ताप होता, तू काय करत होतीस, असं विचारते. पुष्कळदा मला आठवत नाही, आणि मी तसं तिला सांगते. तिचा राग गेलेला नाही. तो लवकर जावा म्हणून मी काही करत नाही. फोन आला की मशीन बंद करते, दाराशी जाऊन बसते आणि तिचं बोलून होईपर्यंत मधे बोलत नाही.