'मखमल' हा शब्द आम्ही पाटीवरून काढला नाही

आमच्या फाटकावर पत्र्याची एक पाटी आहे : 'येथे मखमलीच्या कुंच्या शिवून मिळतील.' यातला 'मखमलीच्या' हा शब्द काढून टाका, निदान तिथे 'वेल्वेटच्या' लिहा, असा सल्ला आम्हाला एका हिवाळ्यात निरनिराळ्या चार जणांनी दिला. चौघेही आमचं भलं चिंतणारे होते. शब्द आम्ही काढला नाही.

कुंची म्हणजे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर घालायची टोपी आणि तिलाच जोडून पाठीवर सोडलेला झगा. बारशाला बाळ त्यात मिरवतं. माझी बायको सिडकोतल्या आमच्या घरी या कुंच्या शिवायची. बाहेरून मखमल, आतून सुती अस्तर, कडेला जर. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. आलेला माल आणि कागदावरचं त्याचं नाव जुळतं की नाही हे बघायचं, जुळलं नाही तर माल फाटकाबाहेर ठेवायचा, एवढंच माझं काम. ते मी नीट करत असे आणि त्यामुळे फारसा कुणाचा आवडता नव्हतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दहीपुलाजवळच्या एका दुकानातून आम्ही दोघांनी गडद लाल मखमल आणली. हाताला मऊ होती, दिसायला भरदार होती, बिलावर 'मखमल' असं लिहिलेलं होतं. त्यातली पहिली कुंची सिन्नरच्या एका आजीने नातीच्या बारशासाठी नेली. आजी म्हणजे आमचं मोठं गिऱ्हाईक. सिन्नरकडून येणाऱ्या दहांपैकी सात ऑर्डरी तिच्या शब्दावर यायच्या.

बारशानंतर आजी आली ती पायऱ्या चढतानाच बोलत आली. पिशवीतून कुंची काढून तिने शिलाई मशीनवर टाकली. हनुवटीपाशी जिथे बाळाची लाळ लागली होती तिथली लव गेली होती आणि खालचं कापड उघडं पडलं होतं.

"बारशाला पोरीला दाढी आली, बाई," आजी म्हणाली. "लाल दाढी. समदं गाव हसलं. व्याही म्हणतो, नाव काय ठेवायचं, पैलवान का?"

बायकोने बोट ओलं करून त्या कुंचीवर घासलं. बोट लाल झालं आणि त्याला बारीक केस चिकटले.

"दोन केस तोंडात गेले पोरीच्या," आजी म्हणाली. "मखमल म्हणून काय दिलं तुम्ही? आता मी कुणाला सांगू का तुमच्याकडं जा म्हणून?"

ती गेल्यावर बायकोने शिवून तयार असलेल्या आठ कुंच्या ओल्या फडक्याने पुसून पाहिल्या. आठही तशाच निघाल्या. आठ म्हणतो, पण त्यातलं एक नुसतं टोपडं होतं.

शेजारच्या वहिनींनी लगेच तोडगा काढला, त्यांच्यानंतर आणखी तिघांनी तोच सांगितला. "पाटीवर वेल्वेट लिहून टाका. मखमल म्हटलं की लोक जुन्या मखमलीशी ताडून बघतात. वेल्वेट म्हटलं की कोण विचारतंय."

मला हे पटेना. मी भाषेचा माणूस नाही, पण नाव आणि माल जुळवून बघायची मला सवय होती. रविवारी वाचनालयात जाऊन तीन कोश काढले. मखमल हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत अरबीतून. अरबीत त्याच्या मुळाशी जो शब्द आहे त्याचा अर्थ कापडावरची लव. लव असेल ती मखमल. मग इंग्रजी कोशात वेल्वेट पाहिला. तो जुन्या फ्रेंचमधून आलेला, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला एक शब्द आहे, त्याचा अर्थ दाट केस, केसांचा झुबका. म्हणजे तीही लवच.

मी कोश मिटला. ही नावं देणारी माणसं एकमेकांना विचारायला गेली नव्हती. एका टोकाच्या लोकांनी ते कापड पाहिलं, दुसऱ्या टोकाच्या लोकांनी पाहिलं, आणि दोघांनीही त्याला मऊ म्हटलं नाही, चकचकीत म्हटलं नाही, महाग म्हटलं नाही. दोघांनी नाव दिलं ते लवेवरून. ती लव कापडाच्या विणीतून उभी राहिलेली असते. ती गेली की नावही गेलं. इंग्रजीत शिरून सुटका नव्हती.

सोमवारी कामावरून सुटल्यावर त्या दुकानात गेलो आणि कुंची गल्ल्यावर ठेवली.

"साहेब, हल्ली यालाच मखमल म्हणतात," दुकानदार म्हणाला.

"ही लव विणलेली नाही. कापडाला चिकटवलेली आहे."

"हाताला मऊ लागली ना? मग झालं. तुम्हाला मखमल शब्द खटकत असेल तर वेल्वेट लिहून देतो. त्यात सगळं चालतं."

"वेल्वेट म्हणजेही लवच."

"मास्तर आहात का तुम्ही?"

"नाही. स्टोअरला आहे. बिलावर 'चिकटवलेली लव' असं लिहून द्या, मी जातो."

तो हसला. "तसं लिहिलं तर घेईल कोण?"

"हेच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," मी म्हणालो आणि कुंची उचलली. गल्ल्यावर लाल केस पडले होते. ते मी झटकले नाहीत.

घरी येऊन बायकोला अरबी, फारसी, लॅटिन सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, ते सगळं खरं असेल," ती म्हणाली. "पण सिन्नरच्या आजीला लॅटिन सांगणार का तुम्ही?"

तिने स्वतः दुसऱ्या दुकानातून तुकडा आणला. कापलेल्या कडेचा एक धागा ओढला तशी त्याच्याबरोबर लवेचे बारीक तुकडे गळून पडले, कारण त्या धाग्यानेच त्यांना धरून ठेवलं होतं. आधीच्या कापडाचा धागा ओढला तर तो नुसताच बाहेर आला आणि लव कोंड्यासारखी वरच्या वर चिकटून राहिली. नव्या तुकड्याची तिने कुंची शिवली आणि रविवारी आम्ही बसने सिन्नरला गेलो.

ओसरीवर आजी, तिची सून, मांडीवर ती नात आणि शेजारच्या दोघी होत्या. बायकोने पातेलंभर पाणी मागितलं आणि कुंचीची पुढची कड त्यात बुडवली.

"अहो ताई, खराब होईल ना ती," सून म्हणाली.

"बाळाची लाळ विचारून लागते का?" बायको म्हणाली. ओली कड तिने स्वतःच्या पांढऱ्या रुमालावर जोरात घासली. रुमालावर रंग थोडासा उतरला, तोही तिने सगळ्यांना फिरवून दाखवला. केस मात्र एकही आला नाही.

"मग आधीची काय व्हती?" आजीने विचारलं.

"ती मखमल नव्हती. मला मखमल म्हणून विकली, मी तुम्हाला मखमल म्हणून दिली. ती परत न्यायला आले आहे. ही तिच्या बदल्यात. पण पाटीवरचा शब्द मी काढणार नाही, आजी. ज्यांना मखमल विकता येत नाही त्यांनी काढावा."

आजी माझ्याकडे वळली. "लय ताठ हाय तुमची बाई."

"आहे," मी म्हणालो.

आजीने ओली कुंची गुडघ्यावर पसरली आणि तळहाताने तिची लव एका बाजूला बसवू लागली. बराच वेळ बसवत होती. नात तिच्या हाताकडे बघत होती.

"वाळल्यावर बघीन," ती म्हणाली.

सिन्नरच्या ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या, पण दहात सात नाही, चार. बाकीच्या आमच्या शेजारच्या गल्लीत गेल्या. तिथे स्वस्तातल्या वेल्वेट कुंच्या मिळू लागल्या होत्या. तक्रार करत नाही, जे झालं ते सांगतो.

पुढे दोन हजार सालानंतर पाटी गंजली. नवी रंगवायला पेंटर आला, तो अक्षरावर पैसे घेणारा. त्याने बोटांवर मोजून पाहिलं.

"वेल्वेटच्या टाकू का, काका? एक अक्षर वाचेल."

बायको आतून म्हणाली, "वाचवू नका."

मी त्याला पूर्ण शब्द कागदावर लिहून दिला.