दादाचा कोबा

दादाच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी वैतागलोच. म्हटलं, पुन्हा कोबा उखडला असणार आणि आता मला सिमेंट घेऊन लिंबायतला त्याच्या घरी बोलावणार. फोनवर वहिनी होती. "भाऊ, लवकर या, तुमना दादा उठी नही ऱ्हायनात," एवढंच म्हणाली... नवागामच्या माझ्या घरून रिक्षाने पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं. पुढच्या खोलीत माणसं दाटली होती, पण खिडकीखालच्या ओल्या सिमेंटच्या तुकड्यावर कुणी पाय ठेवला नव्हता. दादाचा वचकच तसा होता.

महिना उलटला, तरी माझा राग काही जात नाही. त्या खोलीत दादाची स्वतःची कापड विणायची लूम होती. ती भंगारात गेली आणि तिचे बोल्ट काढले तिथे कोब्याला खड्डे राहिले. वर्षानुवर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग वहिनीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, ती पाय ओढत चालू लागली आणि एके दिवशी खड्ड्यात बोटं अडकून आडवी झाली. दादाने लगेच मरून रंगाचं कार्पेट आणलं, गुंडाळी कोपऱ्यात उभी केली आणि जाहीर केलं की आधी जमीन सपाट होणार, मग कार्पेट. "टाक ना वरथून," मी म्हटलं. तो म्हणाला, "खड्डा झाकाई जाई, पाय थोडाच मानी?"

बरोबरच होतं त्याचं. पण पुढे जे चाललं त्याने डोकं उठायचं. हा खड्डे भरायचा, पट्टी फिरवायचा, वाळल्यावर सुताची रिकामी बॉबिन आडवी ठेवून बघायचा. ती जागची हलली नाही की खूश. आठवड्याभरात तो थर पापडासारखा सुटून हातात यायचा. कारण उघड होतं, लूमचं तेल कोब्यात खोल मुरलं होतं. "दादा, आठे त्याल मुरेल शे, खालनं सगळं फोडी काढ," मी सांगून थकलो. पण तेल मुरलंय म्हणजे लूम गळत होती, आणि ते कबूल करणार कोण? लूम गळू देणारा कारागीर म्हणजे त्याच्या लेखी आळशी माणूस. "मनी लूम कव्हय गळनी नही," असं म्हणून तो पुन्हा सिमेंट कालवायला बसायचा. इकडे बायको भिंत धरून चालतेय आणि हा भंगारात गेलेल्या लूमची अब्रू राखतोय! मी संतापून घरी निघून यायचो.

शेवटच्या दिवशी त्याने मला न सांगता छिन्नी घेतली. वहिनीने नंतर सांगितलं, काळाकुट्ट चुरा निघाला, तो त्याने स्वतःच घमेल्यात भरून बाहेर टाकला. मग नवा माल भरला आणि झोपायला जाताना तिला म्हणाला, "पानी मारत ऱ्हाय, सुकू देऊ नको."

परवा मी कार्पेट टाकायलाच गेलो होतो. कोब्यावर छिन्नीची मूठ ठोकली, कुठेच पोकळ वाजलं नाही. बॉबिन ठेवली, ती हलली नाही. एवढ्यात वहिनी तांब्या घेऊन आली आणि तिथे पाणी शिंपडू लागली. रोज सकाळ-संध्याकाळ हेच चाललंय. माझा आवाज चढला. "वहिनी, पक्कं व्हई गयं! आते सुकू दे, घसरशील एखादा दिन!"

"त्यास्नी 'पानी मारत ऱ्हाय' सांगं," ती शांतपणे म्हणाली. "'आते बस' अशे कव्हय सांगं?"

दादा, निदान एवढं तरी सांगून जायचंस रे. गुंडाळी पुन्हा कोपऱ्यात उभी करून मी निघालो. वहिनी तांब्या भरायला आत चालली होती, त्याच जागेवरून, पाय ओढत. तिने भिंत धरली नव्हती.