ह्यांना हॉर्न ऐकू येत नाही

होळी नुकतीच होऊन गेली होती. मी दाराशी उजेडात बसून साडीला लेस लावत होते. हे, म्हणजे माझे मालक, आंघोळ करून आले, आरशापुढे केस विंचरले आणि आरशातूनच मला म्हणाले, "औंदा मी गडवर पायी जासू."

गड म्हणजे वणीचा, सप्तशृंगी आईचा. चैत्रात खानदेशातून गावंच्या गावं पायी निघतात, आणि आमच्यासारखी पोटासाठी सुरतेत आलेली खानदेशी माणसंही निघतात. आमच्या गोडादऱ्यातून दरवर्षी एक जथा जातो. पुढे भगवा झेंडा, मागे पाण्याचा टेम्पो. बारडोली, उनाई, वघई, मग सापुताऱ्याचा घाट, आणि शेवटी नांदुरीहून गडाचा चढ. इतकी वर्षं आम्ही त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला जायचो आणि परत यायचो. ह्यांना कारखान्यातून एवढी सुट्टी कोणी देत नव्हतं.

माझी सुई कापडातच राहिली. कारण ह्यांना ऐकू येत नाही.

तीसेक वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात उभं राहिल्यावर कुणाचेच कान धड राहत नाहीत. ह्यांचे आधी फोनच्या घंटीला गेले, मग दारावरच्या बेलला, मग मला. कानाचं मशीन आणलं होतं. घरात ते थोडंफार चालतं, पण रस्त्यावर गेलं की वारा, रिक्षा, माणसं, सगळं एकत्र कालवून कानात ओतल्यासारखं होतं, असं ते म्हणतात. म्हणून बाहेर जाताना काढून ठेवतात. आम्ही समोरासमोर बसून बोलतो. ते माझ्या ओठांकडे बघतात आणि त्यांना कळतं. कारखान्यात सगळे तसंच बोलायचे.

पाठीमागून येणारा ट्रक मात्र ओठ हलवत नाही.

"कोणासोबत?" मी विचारलं.

"जथ्यासोबत. आता कारखाना बंद झाला. आता सुट्टी कोणाला मागायची?"

मला वाटलं, दोन दिवसांनी विसरतील. पण ते रोज सकाळी बूट घालून बाहेर पडायला लागले. परत येईपर्यंत माझं कामात लक्ष लागायचं नाही. लेस तिरकी जायची, उसवायची, पुन्हा लावायची. रस्त्यावर कुठे करकचून ब्रेक लागला की मी गॅलरीत पळायची. ते परतायचे, हात-पाय धुऊन चहा मागायचे, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणायचे, "काय झालं?" मी म्हणायची, "काही नाही."

मुलाला कळलं तेव्हा तो भडकला. तो इथेच जन्मलेला, कापडबाजारात नोकरी करतो; तो आणि सून आमच्यासोबतच राहतात. रागावला की गुजरातीत बोलतो. "पप्पा, बसमां जाव ने!" असं दोनदा ओरडून त्याने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. कुठल्या तरी महामार्गावर पायी जाणाऱ्या भाविकांमध्ये ट्रक घुसला होता. कुणीतरी मागून काढलेला व्हिडिओ होता. चपला, झेंडा, पाण्याचे ड्रम, सगळं रस्त्यावर. ह्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाइल परत दिला. ह्यांनी तो बिनआवाजाचा पाहिला होता. मी आवाजासकट.

मी त्यांना सरळ सांगितलं, "मी नाही जाऊ देणार."

ते म्हणाले, "उद्या तुझ्या बहिणीकडे पायी जाऊन दाखवतो. नीट पोचलो तर बोलायचं नाही."

माझी धाकटी बहीण पलसाण्याला राहते. तिथे कापड रंगवायच्या मिला आहेत, तिचे मालक त्यातल्याच एका मिलमध्ये आहेत. गोडादऱ्याहून पलसाणा म्हणजे अर्धा दिवस चालणं, आणि त्यातला बराच रस्ता महामार्गाचा. मी रात्रभर विचार करून सकाळी साडीचा पदर खोचला, पायात स्पोर्टचे बूट घातले आणि त्यांच्या आधी दारात जाऊन उभी राहिले. माझ्या पायांकडे बघून ते हसले. मला हसू आलं नाही.

कडोदऱ्यापर्यंत काही झालं नाही. मी त्यांच्या मागे होते आणि सारखी मान वळवून बघत होते. पुढे महामार्ग लागला तशी मला श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही. प्रत्येक गाडी आमच्यावरच येते आहे असं वाटायचं. ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने माझा पदर उडायचा आणि हे पुढे निवांत चाललेले. त्यांची मान, त्यांचा निळा शर्ट, घामाने चिकटलेला. मला त्या पाठीचा राग येत होता.

पलसाण्यात शिरल्यावर मिलांची फाटकं लागली. एका फाटकातून कोळशाचा डंपर उलटा बाहेर येत होता. टीं टीं टीं असा तो आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू जात होता. हे रस्त्यापलीकडच्या मिलच्या धुराड्याकडे बघत तसेच चालत होते. मी ओरडले. ओरडून काही होणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी तोंडातून आवाजच निघाला, पाय निघाले नाहीत. तो एक क्षण मला अजून आठवतो. मग मी पळाले. हातात शर्ट आला. मी तो इतक्या जोराने ओढला की पाठीवर टरकन फाटला आणि आम्ही दोघं मागे मातीत पडलो.

ते माझ्यावर संतापले. "वेडी झाली का?" म्हणत उठले आणि वळले. डंपरचं मागचं चाक त्यांच्या पायाच्या जागी येऊन थांबलं होतं. ड्रायव्हर खाली उतरून आम्हाला हिंदीत शिव्या देत होता. मी त्याची माफी मागत होते. हे फक्त चाकाकडे बघत होते.

बहिणीने दार उघडलं तेव्हा हे फाटक्या शर्टात आणि माझ्या कोपराला रक्त. तिने काही न विचारता पाणी दिलं, शर्ट काढून घेतला आणि शिवायला बसली. शिवता शिवता मला एवढंच म्हणाली, "ताई, दाजींना नको पाठवू."

"नाही पाठवत," मी म्हणाले.

जेवण झाल्यावर बहीण भांडी घासायला मागे गेली. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. ह्यांच्या अंगात बहिणीच्या मालकांचा सदरा होता, खांद्यात ढगळ. मला वाटलं, आता ते स्वतःच म्हणतील की बसने जाऊ. मी वाट बघत होते.

ते म्हणाले, "माझ्या कानात लूम चालू आहेत. माहीत आहे ना तुला?"

मला माहीत नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली.

"कारखाना बंद झाला, पण कानातले बंद होत नाहीत. रिकामा बसलो की जास्त. दिवसभर घरात बसतो, तू लेस लावतेस, सून ये-जा करते, आणि मी कारखान्यातच असतो. चालताना जरा कमी वाटतं. म्हणून रोज सकाळी जातो."

इतकी वर्षं मी समजत होते की ह्यांच्या कानात शांतता आहे.

"आणि मला भीती वाटत नाही असं नको समजू," ते पुढे म्हणाले. आवाज खूप हळू ठेवायचा प्रयत्न करत होते. "सतत मागे कोणीतरी आहे असं वाटतं. घरातसुद्धा. तू मागून येऊन खांद्याला हात लावतेस तेव्हा माझा जीव जातो. पण सांगायचं कोणाला? आज तो डंपर बघितला आणि वाटलं, हेच ते, जे रोज मागे असतं."

"मग नका ना जाऊ," मी म्हणाले.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "मनासंगे चाल." माझ्यासोबत चल.

लग्नाला एवढी वर्षं झाली. ह्यांनी मला 'चल' असं पुष्कळदा म्हटलं होतं, पण ते सांगणं असायचं. हे मागणं होतं. मला त्या डंपरपेक्षा जास्त भीती वाटली. कारण 'नको' म्हणायला मी मोकळी होते, आणि 'हो' म्हटलं तर त्यांचे कान माझे होणार होते. एकदा माझी नजर चुकली, एकदा मी पाणी प्यायला थांबले, एकदा मला चक्कर आली, तर?

"माले भ्याव वाटस," मी म्हणाले.

"माले बी," ते म्हणाले.

बस्स, तेवढंच बोलणं झालं. आत बहिणीने भांडी आपटून ठेवली. तिला ऐकू आलं असावं.

घरी मुलाला सांगितलं तर तो दोन दिवस बोलला नाही. आई तरी शहाणी आहे असं त्याला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला आणि रस्त्याचं काम करणारे घालतात तसली दोन चमकणारी जॅकेटं पलंगावर टाकून आत निघून गेला.

आम्ही आमच्या परीने तयारी केली. साडीचा एक लांब काठ मी कापून घेतला, दुहेरी शिवला. एक टोक त्यांच्या डाव्या मनगटाला, दुसरं माझ्या उजव्या. एकदा ओढलं की थांबायचं, दोनदा ओढलं की माझ्याकडे, रस्त्याच्या बाहेर यायचं. रोज सकाळी कालव्याच्या रस्त्याने आम्ही ते घोकायचो. पहिल्या दिवशी मी घाबरून इतक्यांदा ओढलं की ते म्हणाले, "मी काय बैल आहे?" बायका बघून हसायच्या. मला लाज वाटायची, पण काठ सोडायची हिंमत व्हायची नाही.

निघायच्या दिवशी मला ताप आल्यासारखं वाटत होतं. खरंच यावा असंही वाटत होतं. झेंडा पुढे गेला, ढोल वाजला, लोकांनी आईचा जयजयकार केला. ह्यांनी माझ्याकडे मनगट पुढे केलं. मी गाठ बांधली.

लोक मला विचारतात, वाटेत काय काय पाहिलंस? मी काय सांगू? मी मागे पाहिलं. बारडोलीच्या रस्त्याला उसाचे ट्रक होते, उंच भरलेले, दोन्ही बाजूंनी झुकणारे. उनाईजवळ रस्त्यालगत आमराई होती म्हणतात. वघईपुढे सागाचं रान होतं. मला आठवतात ते हेडलाइट आणि माझ्या मनगटावर उठलेला लाल वळ. जथ्यातल्या बायका गाणी म्हणायच्या, माझे ओठ हलायचे आणि कान मागे असायचे. सापुताऱ्याच्या घाटात वळणावर फिरायला आलेल्यांच्या गाड्या जोरात यायच्या. तिथे मी इतकी आखडून चालले की संध्याकाळी मुक्कामाला मान वळेना. ह्यांनी तेल लावून चोळून दिली. "आज किती वेळा वाचवलं मला?" त्यांनी विचारलं. मी मोजलं नव्हतं. बहुतेक वेळा नुसतीच घाबरून ओढत होते.

घाट संपला, गड चढलो, आणि मला वाटलं आता धोका टळला. इथे ट्रक नाहीत. तिथेच मी चुकले.

दर्शनाच्या रांगेत ही गर्दी. कठड्याशी पुरुष एकीकडे, बायका एकीकडे करत होते. मागून रेटा आला, काठ ताणला, आणि माझ्या बाजूची गाठ सुटली. माझ्या डोळ्यांदेखत तो लाल काठ माणसांच्या पायांत गेला. मी त्या बाजूला घुसायला बघितलं, पण लोकांनी मला उचलल्यासारखं पुढे नेलं. वळून पाहिलं तर सगळीकडे टोप्या, झेंडे, डोक्यावर घेतलेली पोरं. ह्यांचं जॅकेट दिसेना. जथ्यातल्या कितीतरी जणांनी तसली जॅकेटं घातली होती.

हाक मारून उपयोग नव्हता. माईकवरून नाव पुकारून उपयोग नव्हता. त्यांचा फोन माझ्याच पिशवीत. पायऱ्यांच्या कडेला कठडा, त्यापलीकडे दरी. ते मला शोधायला मागे फिरले आणि लोकांचा लोंढा समोरून आला तर? मी कठड्याला धरून उभी राहिले. बायका म्हणत होत्या, "मावशी, पुढे व्हा, पुढे व्हा." मला रडूही येत नव्हतं.

आणि मग मी माझं नाव ऐकलं.

ह्यांनी मला माझ्या नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. 'ए', 'ऐकतेस का', मुलगा झाल्यावर त्याची आई. पण तो आवाज त्यांचाच होता. पन्नास लूम चालू असताना पलीकडच्या माणसाला बोलवायचा तसा, ढोलांच्या वरून, जयजयकाराच्या वरून. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. आजूबाजूची माणसं गप्प होऊन त्या दिशेला बघायला लागली. मी इतके दिवस ह्यांना ऐकू येत नाही एवढंच धरून चालले होते. मला येतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते एका नारळवाल्याच्या ओट्यावर चढून उभे होते. डोळे मिटून ओरडत होते. मी पोचले, त्यांच्या पायाला हात लावला, तर दचकून पडणारच होते. खाली उतरले आणि माझा दंड धरला. नारळवाला म्हणाला, "मावशी, बाबांना पाणी द्या."

मग आम्ही दर्शन घेतलं. आईपुढे काय मागितलं ते मला आठवत नाही. बहुतेक काही मागितलंच नाही. ह्यांना मी नंतर विचारलं, कानातले लूम थांबले का? ते म्हणाले, "नाही. चालताना कमी होते."

परतीला आम्ही बस धरली. मुलाला फोन केला, त्याने मोठा श्वास सोडला. पायांना फोड आले होते, बूट काढून मी पाय पिशवीवर ठेवले. हे खिडकीकडे डोकं टेकून झोपले. अंधारायला लागलं होतं. मध्येच जागे होऊन त्यांनी विचारलं, "कुठे आलो?"

मी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाले, "उनाई."

त्यांनी मान हलवली आणि डोकं या वेळी माझ्या खांद्यावर टाकून पुन्हा झोपले.