काचेपुढची ओटी

सरलाबाईंना पाण्याची भारी धास्ती. डिंडोलीतल्या खोलीत नळाखाली हंडा भरतानासुद्धा त्या नजर दुसरीकडे ठेवायच्या. लहानपणी, खानदेशातल्या तापीकाठच्या गावी, त्यांची धाकटी बहीण कमल डोहात गेली ती गेलीच. गाव म्हणालं, साती आसरांनी नेली. पाण्यातल्या त्या बायांना एखादी पोर आवडली की तिला ओढून आपल्यातच ठेवून घेतात. तेव्हापासून कमलचं नाव कोणी काढलं नाही. सरलाबाईंनी तर पोटच्या लेकीलाही मावशीचं कधी सांगितलं नाही.

आणि लेकीने काम तरी कोणतं धरावं? चैताली उधन्याच्या मेळ्यात, काचेच्या टाकीत, जलपरी होऊन पोहायची! घ्या आता! घरी साड्यांवर टिकल्या चिकटवणाऱ्या सरलाबाईंनीच तिच्या शेपटीला टिकल्या लावून दिल्या, बडबडत, डोळे पुसत. पण बघायला जायचं? नाव नको. पोरगी घरी येईपर्यंत दारातून गॅलरीत नि गॅलरीतून दारात. भाजी करपायची, नवरा निंबा करवादायचा, पण बाईंचा जीव काही थाऱ्यावर येत नसे.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी नारळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू पिशवीत घातलं आणि मेळा गाठला. गर्दीत घुसून थेट काचेपाशी.

आई दिसली आणि चैताली काय खुलली! एरवी दम संपायच्या आत वर जाणारी पोरगी आज आईला दाखवायला म्हणून तळाशीच गिरक्या घेत राहिली. लोक टाळ्या पिटतायत, इकडे सरलाबाई टाकीवाल्याकडे धावल्या. तिला वर काढा म्हणून विनवलं, तर तो म्हणे, रोजचंच आहे. मग त्यांनी तिथेच जमिनीवर आसरांची ओटी मांडली, काचेला कुंकू लावलं आणि इतक्या वर्षांनी ते नाव तोंडातून निघालं.

"कमल, तुनी भाची शे ती. तिले वर धाड."

चैताली वर आली. शेपटी काढून टाकीच्या कडेवरून उतरली ती चिडूनच. चारचौघांत हे काय मांडलंस, कोणाशी बोलत होतीस, असं तिने विचारलं.

"तुनी मावशीसंगे," म्हणत सरलाबाई मटकन खाली बसल्या आणि कमलचं सगळं सांगून टाकलं. ढसाढसा रडल्या.

ओली पोरगी शेजारी टेकून ऐकत राहिली. पुढच्या खेळाची घंटा झाली तशी तिने ओटीतल्या बांगड्या उचलून हातात भरल्या.

"मावशीला देऊन येते," ती म्हणाली आणि शेपटी खांद्यावर टाकून पुन्हा शिडी चढली.

सरलाबाई काच धरून उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी नजर हलवली नाही.