पवनचक्कीच्या शेपटीवरचं नाव

पडदा वर जातो तेव्हा समोर एक स्वयंपाकघर दिसतं. मधोमध टेबल, त्यावर फुलाफुलांचं मेणकापड, पीचची फळं भरून भाजलेली, कापून ठेवलेली गोड पाई, कॉफीचे तीन कप. मागच्या भिंतीत एक खिडकी. खिडकीबाहेर लाल मातीतला कोवळा गहू आणि त्याच्या मधोमध एक जुनी पवनचक्की. तिच्या पत्र्याच्या शेपटीवर निळ्या रंगात एकच शब्द आहे: ओलेटा. वारा फिरला की तो शब्द फिरतो. आणि पश्चिम ओक्लाहोमात वाऱ्याला सुट्टी नसते.

खिडकीकडे पाठ करून बसलेली ती लर्लीन टॅकेट. वय साठ, विधवा, मूलबाळ नाही. तिची खुर्ची कायम तीच. आमच्या तंबूतल्या नाटक कंपनीचं दिवाळं याच गावात वाजलं, मी इथल्याच एकाशी लग्न करून लर्लीनची शेजारीण झाले, तेव्हापासून मी तिला खिडकीकडे तोंड करून बसलेलं पाहिलं नाही.

ओलेटा म्हणजे तिची धाकटी बहीण. ज्या दिवशी चक्की उभी राहिली त्याच दिवशी ती जन्मली. बाप आनंदाने शिडीवर चढला आणि शेपटीवर तिचं नाव रंगवून उतरला.

"आणि रंगाचा डबा कोणी धरला होता? मी! पाच वर्षांची होते. हात भरून आले माझे," हे लर्लीन मला महिन्यातून एकदा तरी सांगायची.

ओलेटा अठराव्या वर्षी कॅलिफोर्नियाला गेली, दातांच्या डॉक्टरशी लग्न करून फ्रेस्नोत राहिली. नाताळात संत्र्यांची पेटी पाठवायची. लर्लीन इथेच राहिली आणि अंथरुणाला खिळलेल्या बापाचं तिने नऊ वर्षं सगळं केलं. आमच्याकडे जमिनीला दोन मालक असू शकतात, एक वरचा आणि एक खालचा. बापाने मरताना वरची एकशे साठ एकर लर्लीनला दिली. खाली जे काही असेल ते दोघींना निम्मं निम्मं.

"वर राबायला मी, खाली मात्र निम्मी बाईसाहेबांची," लर्लीन म्हणायची. बहिणीची संत्री ती डुकरांना घालायची. एक मात्र आधी स्वतः खायची. मी पाहिलंय.

तर टेबलावरचा तिसरा कप होता वेंडेल फ्रेजचा. हा तेल कंपनीचा माणूस, घरोघर फिरून खालचे हक्क भाड्याने घेणारा. साल एकोणऐंशी. तेव्हा असे फ्रेज गावात गोमाश्यांसारखे झाले होते.

"मिस लर्लीन, शेजाऱ्यांना एकरी दोनशे डॉलर दिलेत. तुमच्या पाईची चव बघून सव्वादोनशे देतो."

"दोनशेच दे. तुम्ही तेलाच्या विहिरीला नाव कोणाचं देता?"

"साधारण मालकाचं. वर एक नंबर टाकतो."

"मग माझं टाक. आडनाव नको, ते नवऱ्याचं. नुसतं लर्लीन. फाटकापाशी पाटी लागते ना, तिच्यावर."

"अहो, नावाचं काय एवढं..."

"लिहून दे."

फ्रेजने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. पोस्टरवर माझं नाव बोटभर मोठं छापावं म्हणून मी एकदा आठवड्याचा पगार सोडला होता. मी कुठल्या तोंडाने तिला शहाणपण शिकवणार? फ्रेजने कराराच्या समासात लिहून दिलं: पहिल्या विहिरीला लर्लीन हे नाव. तिने सही केली. ओलेटानेही फ्रेस्नोहून करार सही करून पाठवला, काही न मागता.

पुढचे चार महिने माझी मैत्रीण पंधरा वर्षांनी लहान झाली. खोदणाऱ्यांसाठी ती दर शुक्रवारी पाई घेऊन जायची. फाटकाला पाटी लागली, पांढऱ्यावर काळी अक्षरं: लर्लीन नंबर एक. तिने चर्चला घालायचा निळा झगा घातला, पाटीला हात लावून उभी राहिली आणि मला फोटो काढायला लावला. तो फ्रेस्नोला गेला.

उलट टपाली उत्तर आलं. "किती गोड दिसतेस गं! आणि मागे माझी चक्कीसुद्धा आलीय!"

"माझी चक्की," लर्लीन म्हणाली. "बघितलंस? माझी चक्की! तेल मी घालते तिला."

ऑगस्टमध्ये विहिरीतून खारं पाणी आलं. दुसरं काही नाही. तेल नसेल तर पाणी असूनही इथे विहिरीला कोरडीच म्हणतात. आमच्या साप्ताहिकात दर गुरुवारी विहिरींची यादी छापून येते. त्या गुरुवारी आलं: लर्लीन नंबर एक, कोरडी, सोडून दिली.

मूल नसलेल्या विधवेबद्दल असं छापून येणं म्हणजे काय, हे कॅफेतल्या पुरुषांना बरोबर कळलं. हार्लन बिग्सने पेपर फडकवला. "लर्लीन, अगं पेपरात आलीस की! कोरडी म्हणे?"

"तुझ्या बायकोला विचार, हार्लन. तुझ्याबद्दल छापायचं तर काय छापावं."

कॅफे हसला. ती घरी आली आणि तीन दिवस तिने फोन उचलला नाही.

वसंतात कंपनीने दुसरी विहीर खोदली, चक्कीपासून हाकेच्या अंतरावर. तेल लागलं, आणि चांगलं लागलं. फ्रेज बातमी घेऊन आला, पण खुर्चीवर बसेना. हॅट हातात फिरवत राहिला.

"नाव काय लावलंत?" लर्लीनने विचारलं.

"मिस लर्लीन, खोदणारी माणसं फार मानतात हो या गोष्टी. कोरड्या विहिरीचं नाव पुन्हा लावत नाहीत."

"नाव काय लावलंत?"

"पोरांनी वर बघितलं. तिथे आयतं लिहिलेलंच होतं."

लर्लीनने कप खाली ठेवला. बशीवर आवाजसुद्धा झाला नाही. मी तीस वर्षं नाटकात काढली, पण राग इतका हळू खाली ठेवलेला पाहिला नव्हता.

मग दर महिन्याला चेक येऊ लागले. दोघींना सारखेच, निम्मे निम्मे. पण प्रत्येक चेकवर विहिरीचं नाव छापलेलं असायचं: ओलेटा नंबर दोन. लर्लीन पाकीट फोडायची, नाव वाचायची आणि चेक बिस्किटांच्या डब्यात टाकायची. तिने एकही वटवला नाही.

"अगं, छप्पर गळतंय तुझं," मी म्हणायचे.

"बादली आहे."

"कंबरेचं ऑपरेशन कर."

"ओलेटाच्या नावाने लंगडणं बंद करू? त्यापेक्षा माझ्या नावाने लंगडते. तू गप गं, नाटकवाले."

अडीच वर्षं हे चाललं. मग एका जानेवारीत तिला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात जायला ती तयार होईना, आणि मी न विचारता फ्रेस्नोला फोन लावला.

ओलेटा दुसऱ्या दिवशी आली. चाळीस वर्षांनी तेच स्वयंपाकघर. कॉफी शोधताना तिने नेमका तोच बिस्किटांचा डबा उघडला. मग बादलीत पडणारं पाणी पाहिलं, आणि पलंगापाशी जाऊन अशी ओरडली की मी दारातच थांबले.

"तीस चेक! अगं मूर्ख बाई, तीस! मी माझ्या पैशांत हवाईला जाऊन आले आणि तू इथे पावसात झोपतेस?"

"हवाईलाही जाऊन आली," लर्लीन माझ्याकडे बघून म्हणाली. "ऐक."

"एका पत्र्यावरच्या नावासाठी? मला ते आठवतसुद्धा नाही! मी लहान असताना वर बघायचे का मान मोडून?"

"मी बघत होते. डबा मी धरला होता."

ओलेटा खाली बसली. मग गळ्यातले मोती काढून ठेवावेत तशी तिने पायातली उंच टाचांची चप्पल काढली, लर्लीनचे बूट घातले, बाहेर गेली, आणि हार्लन बिग्सला शिडी आणि रंग घेऊन बोलावलं. त्रेसष्टाव्या वर्षी हार्लन त्या थंडीत चढला, खालून डबा ओलेटाने धरला. त्या खोलीच्या खिडकीतूनही सगळं दिसत होतं. मी लर्लीनची खाट खिडकीकडे वळवली. निळ्या नावावर पांढऱ्या रंगाचा हात फिरला, आणि त्यावर वाकडीतिकडी अक्षरं उमटली: लर्लीन.

लर्लीन बघत राहिली.

ओलेटा आत आली. हात रंगाने भरलेले, नाक लाल. "झालं. आणि फ्रेजशी बोलले मी. मार्चमध्ये तिसरी विहीर खोदतायत. तिला तुझंच नाव लागणार. यावेळी मी लिहून घेतलंय."

त्यानंतर लर्लीन चार दिवस होती, पण बोलली नाही. जे बोलली ते तेव्हाच, खिडकीवरची नजर न काढता:

"आधी तेल लागू दे. मग घाल माझं नाव."