मुठीचे तांदूळ

‘तोंड लोकांकडे कर. देवाला सगळं दिसतं. लोकांना दिसू दे.’

असं म्हणून मोठ्या बाईंनी माझे खांदे धरले आणि मला गर्रकन वळवलं. पाळकसाहेबांची रविवारची उपासना नुकतीच संपली होती. चटईवर सगळी मंडळी बसलेली. त्यात माझ्या वर्गातल्या दोघी होत्या. माझ्या हातात मायच्या जुन्या लुगड्याची शिवलेली रिकामी पिशवी. ती कुठे लपवू ते कळेना.

‘आता साक्ष दे. मोठ्यानं.’

आम्हा ख्रिस्ती लोकांत साक्ष म्हणजे देवाने केलेली कृपा चारचौघांत उभं राहून सांगणं. कोणी दुखण्यातून उठतो, कोणाचं बाळंतपण सुखरूप होतं, मग ते माणूस आपणहून उठतं आणि सांगतं. मला उठवलं होतं.

‘आमच्या घरी तांदूळ नोयते,’ मी म्हणाले. ‘देवानं देले.’

‘देवानं कोणाच्या हातून दिले?’

‘मंडळीच्या.’

मग बाईंनी पत्र्याच्या डब्यातून माप भरून माझ्या पिशवीत ओतलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याचा आवाज मला अजून येतो. आता मी चाळिशीकडे झुकले तरी येतो.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या हेडमास्तरांची बायको. हेडमास्तर मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, मुख्य पंच. घरात दोन पिढ्यांचं शिक्षण, पुण्याकडची भाषा, कडक इस्त्रीचं पातळ. आमचा आजा गावाबाहेरच्या वस्तीतून येऊन ख्रिस्ती झाला होता. देवाने ते केव्हाच पुसलं. बाईंनी नाही पुसलं.

आमचं गाव नाकाडोंगरीच्या बाजूचं. बाबा मँगनीजच्या खाणीत होता. एका उन्हाळ्यात खाणीने माणसं कमी केली, त्यात तो गेला. पहिले काही दिवस तो सवयीने पहाटे उठायचा, तोंड धुवायचा आणि मग कुठे जायचं ते आठवेना म्हणून तसाच उभा राहायचा. पुढे दारात बसू लागला. पाठ रस्त्याकडे, तोंड घराकडे. येणाऱ्याजाणाऱ्याने ‘काय मग, लागलं का कुठं काम?’ असं विचारू नये म्हणून.

घर मायने चालवलं. कसं चालवलं ते तिलाच ठाऊक. ती लोकांच्या धानाची रोवणी करायची, विड्या वळायची. भात परवडेना तेव्हा पेज केली, पेज पुरेना तेव्हा तीत पाणी वाढवलं. चहातून आधी दूध गेलं, मग चहाच गेला. संध्याकाळची प्रार्थना ती दिवा विझवून करायची. ‘डोये मिटूनच तं बसाचं हाये, मंग रॉकेल कायले जाळाचं?’ म्हणायची. त्या अंधारात आम्ही गायचो. बाबाचा आवाज चांगला होता, पण गाण्याच्या मध्येच तो थांबायचा. आम्ही गात राहायचो. त्याला वेळ द्यायचा, एवढं आम्हा पोरांनाही कळत होतं.

धान कापून नेला की माय सरवा वेचायला जायची. बांधीत, धानाच्या खाचरात, पडलेल्या लोंब्या एकेक करून उचलायच्या. कुणबी बायका हाकलत नसत, एखादी तर मुद्दाम मूठभर सोडून जायची. शास्त्रात, म्हणजे बायबलात, एक परक्या मुलखातली विधवा आहे, ती असाच सरवा वेचून सासूला पोसते. माय ती गोष्ट सांगत सांगत लोंब्या वेचायची. सांगताना तिची मान ताठ असायची.

दहा बांध्यांतला धान एका टोपलीत. जाडा, बारीक, लालसर, सगळा सरमिसळ. घरीच उखळात कांडायचा, म्हणून तुकड्यांची चुरीही फार. आणि त्याच तांदळातून रोज भात टाकताना माय एक मूठ बाजूला काढायची. मडक्यात. आमच्या मंडळीतल्या सगळ्याच बायका अशी मूठ काढत. ती देवाची. रविवारी मंडळीच्या डब्यात जाऊन ओतायची, तिथून ती गरजू घरांना.

‘माय, आपल्यालेच नाई पुरत.’

‘मूठ काढली तं आपन देनारे, पोरी. नाई काढली तं निस्ते मांगनारे.’

त्या रविवारी घरी येऊन मी पिशवी सुपात ओतली. जाडा, बारीक, लालसर. चुरी. मी पाहतच राहिले. बाकी घरं गिरणीचे पांढरे तांदूळ खात. असे तांदूळ गावात एकाच घरी होते.

‘माय, हे तं आपलेच व्हय!’

माय चुलीपुढे बसली होती. तिने वळून पाहिलं नाही.

‘माईत हाये मले. बाई पांढरे बाजूले काढतेत, ते पाळकसायबाकडे जातेत. पावने येतेत ना त्याइच्याकडे. आपले आपल्याले.’

‘आन साक्ष?’

‘बाबाचं काम हाये त्याइच्या हाती. चूप राय.’

शाळेच्या मुलांच्या वसतिगृहावर चौकीदार ठेवायचा होता आणि तो हेडमास्तर ठरवणार होते. बाबाला ते काम लागेल अशी आशा होती. घरातली ती एकच आशा. म्हणून माय गप्प होती, म्हणून मी पुढेही दर वाटपाला उभी राहिले. माझ्या मायने देवाला दिलेलं त्यांनी आम्हाला भीक म्हणून द्यायचं आणि आम्ही आभार मानायचे! 

नाताळ आला. शहरातून पाहुणे आले होते. बाई म्हणाल्या, या वेळी पोरगी नको, घरच्या कर्त्याने साक्ष द्यावी. मायने बाबाचा सदरा राखेने धुतला, कॉलर उलटी करून शिवली. बाबा पुढे जाऊन उभा राहिला. पिशवी घेऊन. ज्याने खाणीत उभी हयात दगड फोडले त्याला ती पिशवी धरता येईना. बाईंनी माप ओतलं.

‘बोला. लाज कसली? देवाच्या घरात लाज नसते.’

बाबाचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. गाण्याच्या मध्ये थांबायचा, तसा तो थांबला होता. पण इथे त्याला वेळ कोण देणार?

‘बोला ना. पाहुणे खोळंबलेत.’

मी उठले. माय माझी ओढणी धरत होती, ती मी सोडवली.

‘बाबाची साक्ष मले सांगू द्या.’

बाई हसल्या. सांग म्हणाल्या.

‘हे तांदूळ माह्या मायनं सरव्यातून आनले. कांडले. आपल्या पोराइच्या तोंडचे काढून देवाले देले. तुमी पांढरे निवडून घेतले आन हे आमाले भीक म्हनून वापस देले. आमी देवाचे उपकार मानतो. तुमचे नाई मानत.’

मी बाबाच्या हातातून पिशवी घेतली आणि डब्यात उलटी केली.  कोणी ‘आमेन’ म्हटलं नाही. त्या नाताळाला आम्ही पातळ पेज प्यालो आणि दिवा विझवून गायलो. बाबा गायला नाही.

चौकीदाराचं काम दुसऱ्याला मिळालं. बाबाने मला मारलं नाही, रागावलाही नाही. एकदाच म्हणाला, ‘खरं बोलली तू, बेटा. पन माह्यासाठी थोडी थांबली असती तं.’

ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं आहे. त्याला पुन्हा पगाराचं काम लागलं नाही. तो दारात तसाच बसून खंगला आणि गेला. मी रडले, अजून रडते. पण माझ्या तोंडामुळे त्याचं काम गेलं असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. ज्यांनी ते दिलं नाही त्यांच्या तोंडाविषयी कोणी का बोलत नाही?

माय शेवटपर्यंत मूठ काढत राहिली. पण त्या डब्यात नाही. मडकं पदराखाली घेऊन ती सरळ त्या घरी जायची, जिथे चूल थंड असेल.

मी शिकले, दवाखान्यात नर्स झाले. मंडळी मी सोडली नाही. का सोडू? देव काय मोठ्या बाईंचा होता? गेल्या वर्षी बायकांनी मुठीच्या तांदळाचं काम माझ्याकडे दिलं. पांढरे, लाल, जाडे, सगळे एकत्रच राहतात. पाळकसाहेबांना तेच आणि विडीवालीला तेच.

परवा एका घरी पिशवी ठेवून आले. नवरा कामावरून निघालेला, दारात बसलेला. पाठ रस्त्याकडे. त्याची बायको माझ्यामागे अंगणापर्यंत आली. डोकं खाली घालून हळूच विचारलं, ‘बाई, साक्ष द्याले कवा येऊ?’

मी तिच्याकडे वळले.

‘नोको येऊ,’ मी म्हणाले. ‘मान वर कर आधी.’

तो पत्र्याचा डबा आता माझ्या घरी आहे. तो माझ्या हातात आहे तोवर त्या चटईपुढे एकही भुकेलं माणूस उभं राहणार नाही. ज्याला उभं करायचं असेल त्याने आधी माझ्यासमोर यावं.